गोड बोलून ‘नाही’ म्हणणारं गाणं



परवा एका लग्नाच्या स्वागत समारंभाला गेले होते. नवरानवरी खुर्च्यांवर बसलेली, भेटायला येणाऱ्यांची रांग लागलेली, मागून मसालेभाताचा वास येतोय, आणि ध्वनिक्षेपकावर एक इंग्रजी गाणं चाललेलं. सुरुवातीला वाद्यांचा आवाजच नाही. एक बाई एकटीच, अगदी हलक्या आवाजात गाते. आणि मग तोच आवाज असा काही वर चढतो की अंगावर काटा यावा. तुम्हीही कुठं ना कुठं ऐकलं असेलच. ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’. मुलीची मावशी माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, “कित्ती छान प्रेमाचं गाणं लावलंय, नाही?”

मी आपली मान डोलावली. भर मांडवात कसं सांगायचं, की अहो, हे गाणं लग्नाचं नव्हेच! माझं तुझ्यावर कायम प्रेम राहील, पण मी आता निघाले, असं सांगून सोडून जाणाऱ्या बाईचं हे गाणं आहे. आणि ही चूक आपल्याकडेच होते असं नाही बरं का. खुद्द अमेरिकेत लोक आपल्या लग्नात हौसेनं हे गाणं लावत आलेत.

घरी आल्यावरही हे गाणं मनातून जाईना, त्याला आणखी एक कारण होतं. आमच्या शेजारच्या वहिनी त्याच सकाळी डोळ्यांत पाणी आणून सांगत होत्या. माहेरची शेती आणि घर भावाच्या एकट्याच्या नावावर करायचं आहे, त्यासाठी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या करायच्या आहेत, आणि भावानं सोमवारी यायला सांगितलंय. “सही करायची नाही असं नाही हो,” त्या म्हणाल्या, “पण विचारलंसुद्धा नाही. आणि नाही म्हटलं तर माहेर तुटेल.” या गाण्याची जन्मकथा मला ठाऊक होती, आणि वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर तीत आहे असं मला राहून राहून वाटत होतं. ती कथाच आज तुम्हांला सांगते.

आपण ऐकतो ते गाणं व्हिटनी ह्यूस्टन या गायिकेचं, १९९२ सालच्या ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटातलं. पण हे गाणं तिनं लिहिलेलं नाही. ते लिहिलं डॉली पार्टन नावाच्या बाईनं, त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी. डॉलीचा जन्म १९४६ सालचा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागातला. एका खोलीचं लाकडी खोपट, बारा भावंडं आणि ही त्यांतली चौथी. वडील शेतकरी, अक्षरओळख नसलेले. हिच्या बाळंतपणाला डॉक्टर आले, त्यांची फी द्यायला घरात पैसे नव्हते, तेव्हा वडिलांनी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. आईनं चिंध्या जोडून लेकीला कोट शिवला. शाळेत पोरं त्या कोटाला हसली, आणि पुढं डॉलीनं त्याच कोटावर गाणं लिहिलं. ते १९७१ साली निघालं आणि खूप गाजलं.

या डोंगराळ मुलखातल्या गाण्यांना ‘कंट्री म्युझिक’ म्हणतात. स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या लोकांनी आणलेली कथागीतं आणि फिडल, आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या परंपरेतून आलेला बँजो, आणि चर्चमधली भजनं, अशा सगळ्यांतून हे संगीत वाढलं. विषय साधे. घर, आई, नवरा, दारिद्र्य, दारू, विरह. आपल्याकडं जात्यावर बसलेली बाई जे ओवीत घालायची, तेच ही माणसं गिटारवर घालतात असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. चाल सोपी, शब्द थोडे, आणि गोष्ट खरी वाटली पाहिजे, एवढीच अट.

शाळा संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९६४ साली, अठरा वर्षांची डॉली नॅशव्हिल शहरात आली. कंट्री संगीताची ही राजधानीच. पहिल्याच दिवशी कपडे धुवायला धुलाईकेंद्रात गेली असताना तिथं कार्ल डीन नावाचा तरुण भेटला, आणि १९६६ साली त्याच्याशी तिनं लग्न केलं. रस्त्याला डांबर घालायचा त्याचा धंदा. तो शेवटपर्यंत प्रसिद्धीपासून लांबच राहिला, आणि मार्च २०२५ मध्ये तो जाईपर्यंत जवळजवळ एकोणसाठ वर्षं हा संसार टिकला. हे मुद्दाम सांगितलं. नाहीतर सोडून जाण्याचं गाणं म्हटल्यावर आपल्या मनात आधी नवराच येतो. हे गाणं नवऱ्याला सोडण्याचं नाही. ते आहे नोकरी सोडण्याचं!

झालं असं, की त्या काळी पोर्टर वॅगनर नावाचा गायक फार प्रसिद्ध होता. चमचमणारे पोशाख घालायचा आणि टेलिव्हिजनवर स्वतःचा कार्यक्रम चालवायचा. १९६७ साली त्यानं एकवीस वर्षांच्या डॉलीला कार्यक्रमात घेतलं. आधीच्या गायिकेच्या जागी ही नवी पोरगी आलेली लोकांना सुरुवातीला रुचली नाही. पण पोर्टरनं तिची बाजू सोडली नाही. तिला रेकॉर्ड कंपनीत जागा मिळवून दिली आणि तिच्याबरोबर युगुलगीतं गायली. थोडक्यात काय, तिचं नाव झालं ते त्याच्या आधारानं. तिनं पाच वर्षं राहायचं कबूल केलं होतं, राहिली सात.

पण मुलगी मोठी झाली होती. तिची स्वतःची गाणी गाजत होती आणि तिला स्वतःच्या वाटेनं जायचं होतं. पोर्टरला ते पटेना. दोघंही हट्टी, त्यामुळं रोज वादावादी. अशा वेळी माणूस काय करतो? एकतर तोंड मिटून कुढत बसतो, नाहीतर एके दिवशी भांडण करून, मागचं सगळं उणंदुणं काढून दार आपटून निघतो. आपण बायका तर पहिलंच जास्त करतो. भीड पडते ना! ज्यानं आपल्यासाठी केलं त्याला ‘नाही’ कसं म्हणायचं?

डॉलीनं तिसरीच वाट काढली. बोलून समजत नाही तर गाऊन सांगू, असं ठरवून ती घरी गेली आणि हे गाणं लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात गेली, त्याला बसवलं आणि गिटारवर गाऊन दाखवलं. त्या हट्टी माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तू लिहिलेलं हे सगळ्यात सुंदर गाणं आहे, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. तू जा, पण हे गाणं मी ध्वनिमुद्रित करणार, एवढीच अट त्यानं घातली. जून १९७३ मध्ये ते मुद्रित झालं आणि १९७४ साली निघून कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच साली डॉली त्याच्या कार्यक्रमातून बाहेर पडली.

आता गाण्यात आहे तरी काय? तीनच कडवी. पहिल्यात ती म्हणते, मी राहिले तर तुझ्या वाटेत अडचण होईन, म्हणून जाते. दुसऱ्यात म्हणते, आठवणी तेवढ्या बरोबर नेते आहे, तू रडू नकोस. आणि तिसऱ्यात त्याला आशीर्वाद देते, की तुझं भलं होवो, तुला सुख मिळो, प्रेम मिळो. डॉलीच्या मूळ गाण्यात हे तिसरं कडवं ती गात नाही, नुसतं बोलते. दारात उभं राहून निरोप घेताना आपला आवाज खाली येतो ना, तसं.

सबंध गाण्यात एकही नाव नाही. का जाते त्याचा पाढा नाही. तू असं केलंस, तू तसं बोललास, काही नाही. मला वाटतं, हे गाणं टिकलं ते यामुळं. कारण सांगितलं असतं तर ते एकटीचं झालं असतं. कारण सांगितलं नाही म्हणून ते सगळ्यांचं झालं. गाव सोडणाऱ्याला ते आपलं वाटतं, नोकरी सोडणाऱ्याला वाटतं, आणि ज्याचं माणूस देवाघरी गेलं त्यालाही वाटतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टन अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली, तेव्हा अंत्यविधीनंतर तिला चर्चमधून बाहेर नेताना तिच्याच आवाजातलं हे गाणं लावलं होतं. निरोपाचं गाणं खऱ्या निरोपाला लागलं.

पण थांबा. माझ्या मते खरी गोष्ट पुढंच आहे.

गाणं गाजलं तेव्हा एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं. एल्विस म्हणजे त्या काळातला अमेरिकेचा सगळ्यात मोठा गायक. डॉलीला आनंद गगनात मावेना. ध्वनिमुद्रणाला येण्याचं निमंत्रण आलं, तिनं सगळ्यांना सांगूनही टाकलं. आणि आदल्या दिवशी एल्विसच्या व्यवस्थापकाचा, कर्नल टॉम पार्करचा निरोप आला. एल्विस जे गाणं गातो, त्याच्या प्रकाशन हक्कातला निम्मा वाटा आम्ही घेतो, असा आमचा नियम आहे.

हे हक्क म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगते. गाणं कुणीही गावो, ते ज्यानं लिहिलं त्याची मालकी कायम राहते, आणि ते विकलं गेलं, वाजलं, दुसऱ्यानं गायलं, की दर वेळी त्याला पैसे मिळतात. अमेरिकेत तर रेडिओवर गाणं लागलं की पैसे लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला जातात, गाणाऱ्याला नाही. म्हणजे हे एक शेतच समजा. शेत डॉलीचं, बी तिचं, नांगरट तिची, पीकसुद्धा एकदा येऊन गेलेलं. आणि दारात आलेला मोठा पाहुणा म्हणतोय, मी एकदा कापणी करीन, पण निम्मं शेत माझ्या नावावर कर.

लोकांनी तिला वेड्यात काढलं. अगं, एल्विस गातोय, नाही काय म्हणतेस! पण ती ‘नाही’च म्हणाली. त्या रात्री ती रात्रभर रडली, असं तिनंच पुढं अनेकदा सांगितलंय. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते बरं का. नाही म्हणणारी बाई कठोर असते, तिला काही वाटत नाही, असा आपला समज असतो. वाटतं हो, सगळं वाटतं. रडू येतं, झोप लागत नाही. म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. आणि तिनं एल्विसला कधी नावं ठेवली नाहीत.

पुढं काय झालं ते बघा. १९८२ साली एका चित्रपटासाठी डॉलीनं तेच गाणं पुन्हा गायलं आणि ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं. मग आला १९९२ सालचा ‘बॉडीगार्ड’. त्यात आधी दुसरंच गाणं घ्यायचं होतं. पण ते आधीच दुसऱ्या चित्रपटात गेलं, तेव्हा नायक केव्हिन कॉस्टनरनं हे सुचवलं. संगीतकार डेव्हिड फॉस्टर लिंडा रॉन्स्टॅटनं १९७५ साली गायलेल्या गाण्यावरून काम करत होता, आणि त्यात तिसरं कडवं गाळलेलं होतं! डॉलीच्या हे लक्षात आलं, आणि तिनं त्याला ते कडवं दिलं. आशीर्वादाचं कडवं गळालं असतं तर नुसतं जाणं उरलं असतं.

सुरुवातीला वाद्यं नकोत हा आग्रहही कॉस्टनरचाच. गाणं अमेरिकेच्या मुख्य यादीत सलग चौदा आठवडे पहिलं राहिलं, आणि त्या चित्रपटाच्या गाण्यांच्या जगभर चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. डॉली मोटार चालवत असताना रेडिओवर ते अचानक लागलं, तेव्हा तिला गाडी बाजूला घ्यावी लागली, असं ती सांगते. आणि या एका गाण्यावर इतके पैसे मिळाले की एल्विसचा वाडासुद्धा विकत घेता आला असता, असं ती हसत हसत सांगते. गाणं तिचं होतं, कारण एका रात्री रडत का होईना तिनं ते हातातून जाऊ दिलं नव्हतं.

या पैशांचं तिनं काय केलं, हेही सांगायला हवं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या वडिलांची आठवण म्हणून तिनं १९९५ साली आपल्या जिल्ह्यातल्या लहान मुलांना दर महिन्याला घरपोच एक पुस्तक द्यायला सुरुवात केली. ती योजना पुढं इतर देशांतही गेली आणि आतापर्यंत वीस कोटींहून जास्त पुस्तकं वाटून झाली आहेत. आपलं राखलेल्या माणसालाच दुसऱ्याला देता येतं.

अशी गोष्ट आपल्याकडं झाली नाही असं समजू नका. १९६० च्या दशकात आपल्या लता मंगेशकरांनी, गाणं विकलं जातं त्यात गाणाऱ्यालाही वाटा मिळाला पाहिजे, असा आग्रह धरला. महंमद रफींना ते पटलं नाही. एकदा मेहनताना घेतला की विषय संपला, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून काही वर्षं दोघं एकत्र गायली नाहीत. पण पुढं समेट झाला आणि पुन्हा युगुलगीतं आलीच की. लताबाईंनी आपला मुद्दा सोडला नाही, आणि गाणंही तुटलं नाही.

‘नाही’ म्हटल्यानं नातं कायमचं तुटतं असं नाही, हेच मला सांगायचं आहे. सगळं गोडगोड झालं असंही मात्र नाही. पोर्टरनं पुढं, १९७९ साली, डॉलीवर करार मोडल्याबद्दल तीस लाख डॉलरचा दावा लावला! कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि काही वर्षं अबोला राहिला. पण हळूहळू दोघं पुन्हा बोलू लागली. मे २००७ मध्ये पोर्टरच्या सन्मानाचा सोहळा झाला, तेव्हा डॉलीनं समोर उभं राहून त्याच्यासाठीच लिहिलेलं हे गाणं त्याला गाऊन दाखवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो गेला. अखेरच्या दिवसांत ती त्याला भेटून आली होती.

तर आता आमच्या वहिनींकडं वळते. आपल्याकडं म्हण आहे, भीड भिकेची बहीण. आपल्या बायकांच्या किती सह्या या भिडेपोटी होतात! दादा म्हणाला म्हणून, ह्यांनी कागद पुढं केला म्हणून, सासरे थांबलेत म्हणून. मी असं म्हणत नाही की सही करूच नका. भावाची ओढगस्त असेल, तुम्हांला मनापासून द्यायचं असेल, तर जरूर द्या. त्यासारखं पुण्य नाही. पण देणं आणि सुटून जाणं यांत फरक आहे. द्यायचं तर समजून, डोळे उघडे ठेवून द्या.

त्यासाठी एवढं ध्यानात ठेवा. २००५ सालच्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे. हक्कसोडपत्राची एकदा नोंदणी झाली की ते मागं फिरवणं फार अवघड. म्हणून कागद आधी घरी मागा, चार दिवस ठेवून वाचा. न समजलेल्या ओळीखाली खूण करा आणि जाणत्याला विचारा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. स्त्रियांना तिथं विनामूल्य सल्ला मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कोऱ्या कागदावर सही तर कुणाच्याच सांगण्यावरून करू नका. आणि ज्यावर सही कराल त्याची एक प्रत आपल्याजवळ असू द्या, तांदळाच्या डब्यात नव्हे, नीट फाइलमध्ये!

आणि ‘नाही’, किंवा ‘आत्ता नाही’, म्हणायचं असेल तर कसं म्हणायचं? ते या गाण्याच्या तीन कडव्यांत आहे. आपलं म्हणणं थोडक्यात सांगावं. मागच्या चांगल्याची आठवण काढावी, उण्यादुण्याची नव्हे. आणि शेवटी समोरच्याचं भलं चिंतावं. हे तिसरं कडवं तेवढं गाळू नका.

वहिनींनी सोमवारी काय केलं, सांगू? त्या गेल्या. भावासाठी त्याच्या आवडीच्या सांज्याच्या पोळ्या घेऊन गेल्या. म्हणाल्या, “दादा, तू आईचं केलंस ते मी विसरणार नाही. तुझ्या मुलांचं चांगलंच व्हावं असं मला वाटतं. पण कागद मला महिनाभर वाचायला दे.” दादाचा चेहरा उतरला. वहिनीसाहेब आत निघून गेल्या. परत येताना बसमध्ये ह्या रडल्या. मला सांगतानाही डोळे भरले होते.

पण कागद पिशवीत होता. आणि पोळ्यांचा डबा भावानं ठेवून घेतला होता. डबा परत द्यायला तो येईलच की.

तुमच्या माहेरच्या, सासरच्या अशा ‘नाही’च्या गोष्टी असतील तर जरूर लिहून कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच.